बारा ते सतराचं कपाट

आमच्या दुकानाच्या पाटीवर आजही ‘वह्या, पुस्तके, झेरॉक्स’ एवढंच लिहिलेलं आहे. दापोलीत फिरायला आलेला माणूस ती वाचून आत शिरतो तो हॉटेलवाल्याला द्यायची आधारकार्डाची प्रत काढायला. आत डाव्या हाताला बारा ते सतरा वर्षांच्या मुलांना वर्गणीवर पुस्तकं उसनी देण्याचं जे मोठं कपाट आहे त्यासाठी मंडणगड-खेडहूनही मुलं येतात, हे त्याला कळायचं कारण नाही. पाटी बदलू या, असं नवरा दर दिवाळीला म्हणतो. मी म्हणते, झेरॉक्सचं मशीन गल्ल्यात रोजचे पैसे टाकायचं थांबेल तेव्हा बदलू.

दुकान सासऱ्यांनी मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर सुरू केलं. त्यांचा सगळा धंदा जूनचा. पाठ्यपुस्तकं, वह्या, कव्हरांचा खाकी कागद, कंपासपेट्या. जूनमध्ये जे सुटेल त्यावर वर्ष काढायचं. मग जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतची पुस्तकं सरकारकडून फुकट मिळू लागली. मुलांचं भलंच झालं, पण आमच्या जूनचा कणा मोडला. उरली नववी-दहावीची पुस्तकं आणि गाइडं, आणि गाइडं आता लोक फोनवरून मागवतात. सासरे थकले तेव्हा दुकान भाड्याने द्यायचं घरात जवळजवळ ठरलं होतं. माझ्या माहेरी पुस्तकं वाचायची सवय होती, तेवढ्या भांडवलावर मी म्हटलं, एक कपाट मला द्या.

बारा ते सतराच का, असं पुष्कळजण विचारतात. कारण सगळ्यात मोठं भगदाड तिथेच होतं. लहान मुलांसाठी मराठीत चांगली चित्रांची पुस्तकं आहेत, मोठ्यांसाठी तर काय, कपाटंच्या कपाटं. मधलं मूल भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचून संपवतं, सत्यजित राय यांचा डिटेक्टिव्ह फेलुदा असेल तर तोही संपवतं, आणि मग एकदम ‘मृत्युंजय’ उचलतं. उचलू नये असं नाही, आम्हीही त्याच वयात वाचली. पण सगळ्यांनाच ती पायरी चढता येत नाही. न चढलेलं मूल पुस्तकांपासून तुटतं, आणि मग दहावी येते. इंग्रजीत या वयाचा वेगळा कप्पा बाजारात केव्हाच पडलेला आहे. एस. ई. हिंटनचं ‘द आउटसायडर्स’ 1967 साली छापून आलं, तेव्हा लिहिणारी मुलगी स्वतःच अठरा वर्षांची होती. पोरांच्या टोळ्या, मारामाऱ्या, भाऊ-भाऊ, सगळं त्या वयाच्या डोळ्यांनी पाहिलेलं. आपल्याकडे बालभारतीचं ‘किशोर’ 1971पासून निघतंय, ज्ञान प्रबोधिनीचं ‘छात्र प्रबोधन’ आहे, पण कादंबरीच्या बाबतीत ‘कुमार’ म्हटलेलं बहुतेक काही बाराव्या वर्षाशीच थांबतं. तेव्हा आमचं कपाट तयार मिळालेलं नाही. मोठ्यांच्या कपाटातून एकेक पुस्तक काढून ते भरलंय.

उदाहरणार्थ ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकरांनी ती काही मुलांसाठी लिहिलेली नाही. पण पुस्तक बारीक आहे, आणि धनगरांच्या वाडीवर एकटा जाऊन पडलेला मास्तर स्वतःच पोरसवदा आहे. आठवी-नववीतली मुलं, विशेषतः मुलगे, पुस्तक आधी अंगठ्याने दाबून बघतात, जाडी किती. त्या परीक्षेत ‘बनगरवाडी’ पास होते. प्रकाश नारायण संतांच्या लंपन या मुलाच्या गोष्टींचे चार भाग आहेत, ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. पहिला देताना मी मुलांना बजावते की पहिली दहा पानं भाषा सीमेकडची वाटेल, कानडी हेल येईल, थांबायचं नाही. जी थांबत नाहीत ती पुढचा महिनाभर प्रत्येक गोष्टीला ‘मॅड’ म्हणत फिरतात. शांताबाई शेळक्यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ मुलींमध्ये कधी कपाटात टिकतच नाही, एकीकडून परस्पर दुसरीकडे जाते आणि नोंद करायला मला फोन येतो. श्री. ना. पेंडशांचं मुर्डी आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे ‘गारंबीचा बापू’ मी अकरावीच्या पुढे देते. आसूद-मुरुडकडच्या मुलांना त्यातली वाडी, सुपारी, पायवाट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

साने गुरुजींचं पालगडही आमच्याच तालुक्यात. त्यामुळे बाहेरगावचे पाहुणे भाच्यासाठी म्हणून ‘श्यामची आई’ मागतात आणि मी ती देते, दुकानदार आहे. पण मुलाने स्वतःहून काही मागितलं तर पहिलं पुस्तक ते देत नाही. त्याला ते बक्षीस म्हणून दोनदा तरी मिळालेलं असतं आणि त्यातून काय शिकायचं हेही सांगून झालेलं असतं. त्यापेक्षा मी महर्षी कर्व्यांच्या आत्मचरित्रातला सातारचा भाग उघडून देते. मुरुडचा मुलगा परीक्षेसाठी घाट चढून चालत साताऱ्याला जातो, आणि तिथे ‘वय लहान दिसतंय’ म्हणून त्याला बसूच देत नाहीत. हे वाचून नववीतला मुलगा इतका चिडतो की पुढचं पान आपोआप उलटलं जातं.

सुचवणं हेच आमचं खरं काम आहे. ‘तुला कसली पुस्तकं आवडतात?’ हा प्रश्न आम्ही विचारत नाही. त्याचं उत्तर सगळी मुलं एकच देतात, ‘कसलीपण’. विचारायचं ते, शेवटपर्यंत काय बघितलंस? सिनेमा, मालिका, गेम, काहीही चालतं. पाजपंढरीचा एक मुलगा जातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला आला होता. लाइन मोठी होती. त्याला विचारलं, तर म्हणाला, फोनवर खुनाचा तपास असतो ते बघतो. काय आवडतं त्यात? ‘काकी, तो पोलीस काय बोलत नाय, नुसता बघतो.’ मी सत्यजित राय यांचा फेलुदा काढला, अशोक जैन यांनी मराठीत केलेला, आणि पहिलं पान उघडून त्याच्या हातात ठेवला. झेरॉक्स झाली तरी तो तिथेच उभा. दुसऱ्या आठवड्यात येऊन पहिला प्रश्न, गोष्ट सांगणाऱ्या फेलुदाच्या भावाबद्दल, ‘शेवटी ह्यो तोपशे मोठा होऊन डिटेक्टिव होतो का?’ मी सांगितलं नाही. न सांगणं हा धंद्याचा भाग आहे.

दोन पुस्तकं देते, एक हमखास आवडणारं आणि एक जरा वरच्या पायरीचं. दुसरं न वाचता परत आलं तरी हूं की चूं करत नाही. तीस पानं वाचून नाही रुचलं तर परत आण, ते मोजणार नाही, हा नियम पहिल्यापासून आहे. परत आणताना ‘काय शिकलास?’ असं विचारायला दुकानात सगळ्यांना मनाई आहे, नवऱ्यालासुद्धा. त्याला ते जड जातं, तो निवृत्त मास्तरांचा मुलगा.

वर्गणी महिन्याला 60 रुपये आणि डिपॉझिट 300. त्यात एक सवलत आहे, हिशेबाच्या वहीत तिचं वेगळं पान आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, घरात पैसा नाही. हर्णै आणि पाजपंढरीच्या मुलांची या दोन महिन्यांची वर्गणी नारळी पौर्णिमेनंतर, होड्या पाण्यात गेल्या की घेतो. आणि या दोन महिन्यांतच ती मुलं जास्त वाचतात, कारण संध्याकाळी लिलावाच्या वेळी बंदरावर कोणाला हात द्यायला जावं लागत नाही. बुडवलेली वर्गणी आजवर आठवत नाही. डॉक्टर-वकिलांच्या घरची मात्र दोनदा फोन केल्यावर येते.

आईवडिलांचा प्रश्न वेगळा. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ ही नववीतल्या मुलाच्या प्रेमाची गोष्ट आहे, आणीबाणीच्या काळातली. नववीतल्या मुलाला ती वाचायला दिली तर घरी काय होईल? आम्ही वयाची बंदी ठेवलेली नाही. मात्र अशी पुस्तकं देताना घरच्यांना एका ओळीत सांगतो, यात हे आहे, तुम्हीही वाचा. बहुतेक आया वाचतात. एका वडिलांनी पुस्तक परत आणून काउंटरवर आपटलं आणि वर्गणी बंद केली. डिपॉझिट मोजून दिलं. त्यांच्या मुलीला पुढे शाळेच्या वाचनालयातून पुस्तकं मिळत राहिली असतील, अशी आशा.

इंग्रजी माध्यमाची मुलं वाढली तसं कपाट दोन भागांत फुटलं. त्यांना रील्सवर दिसलेलं पुस्तक हवं असतं, आणि त्यांच्या इंग्रजी शाळेचा वर्ग मराठी बोलतो, पण मराठीची जोडाक्षरं बघून दमतो. अशांना मी हॅरी पॉटरचा मराठी अनुवाद देते. गोष्ट सिनेमातून माहीत असते, त्यामुळे अडलेला शब्द वाट अडवत नाही. अनुवाद चांगला की मूळ चांगलं, यावर दुकानात नेहमी भांडण असतं, ते मी मिटवत नाही. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या नकली प्रती मात्र ठेवत नाही. स्वस्त असतात, पण पानं तिसऱ्या वाचकाच्या हातात सुटी होतात. उसने देण्याच्या धंद्यात पुस्तक दहा-पंधरा हातांतून जायला हवं.

आणि मग पाऊस. घाटावरच्या पुस्तकवाल्याला हे दुःख कळणार नाही. जून ते सप्टेंबर कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल येते, पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी धरते, पानं लाटेसारखी होतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेलं असतं, खालचा कप्पा पावसाळ्यात रिकामा. डांबरगोळ्या ठेवल्या तर मुलं नाक मुरडतात, म्हणून वेखंडाच्या कांड्या. कसर लागलेलं पुस्तक आधी वेगळं काढायचं, मग बाकीचं बघायचं.

3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ आलं तेव्हा दुकानाचे पत्रे उडाले. कपाट उभं होतं, वरून पाणी. वीज पुढे कित्येक दिवस नव्हती, पंखा लावायची सोय नाही. ओलं पुस्तक उन्हात ठेवायचं नाही, हे आधीच माहीत होतं, पुठ्ठा वाकतो. शेजारच्या घरात पडवीत दोऱ्या बांधल्या, पातळ पुस्तकं त्यावर मधोमध उघडून वाळत घातली. जाड पुस्तकं उभी करून दर वीस पानांनंतर वर्तमानपत्राचा कागद घातला आणि तो दिवसातून दोनदा बदलला. साधा कागद वाचला. गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची सगळी गेली, पानं एकमेकांना चिकटून वीट झाली. लॉकडाउन होतं, दुकान तसंही बंद, त्यामुळे वर्गणीदार मुलं मास्क लावून मदतीला आली. त्यात आपल्याला आवडलेलं पुस्तक कुठल्या दोरीवर आहे ते बघायला येणारीच जास्त. पुढच्या वर्षी 22 जुलैला चिपळूणला पूर आला आणि तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकं भिजल्याचे फोटो आले, तेव्हा घरात कोणी जेवलं नाही. ते वाचनालय 1864 सालचं.

पैशाचं म्हणाल तर कपाट एकटं आम्हाला पोसत नाही. वर्गणीतून नवी पुस्तकं येतात एवढंच. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, पण आम्हाला मिळणारी सूटही फार नाही. पुण्याहून प्रकाशक जे कमिशन देतात त्यातून एस. टी.च्या पार्सलचा खर्च वजा जातो, आणि काही पुस्तकं ‘परत घेणार नाही’ या बोलीवरच येतात. जमवून आणलं ते दोन ठिकाणी. गावोगावच्या ‘क’ आणि ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे लहान सरकारमान्य वाचनालयांची अनुदानाची खरेदी मार्चच्या तोंडावर निघते. पूर्वी ती मंडळी आलेल्या गठ्ठ्यात जे असेल ते घ्यायची. आता बारा ते सतराची यादी आमच्याकडून करून घेतात, कारण त्या यादीतली पुस्तकं खरंच इश्यू होतात हे त्यांच्या रजिस्टरला दिसलं. दुसरं म्हणजे मे महिना आणि गणपती. चाकरमान्यांची मुलं आजोळी येतात, तिसऱ्या दिवशी नेटवर्क आणि आंबे दोन्हींना कंटाळतात, आणि आजी त्यांना आमच्याकडे पाठवते. मुंबईची मुलं उसनं नेत नाहीत, विकत घेतात. वर्षाची निम्मी विक्री त्या दोन मोसमांत होते.

काउंटरवर एक वही ठेवलेली आहे, पुढच्या ऑर्डरची. मुलंच त्यात लिहितात, कधी पुस्तकाचं नाव, कधी नुसतं ‘त्यात एक जहाज बुडतं ते’. या वर्षी सर्वांत जास्त मागणी भुतांची आहे. कोकणात भुतांची टंचाई कधीच नव्हती, पण मुलांना ती छापील हवीत, म्हणून नारायण धारपांच्या पुस्तकांची शोधाशोध चालू आहे. काहींच्या आवृत्त्या संपलेल्या, काही जुन्या पुस्तकांच्या बाजारात मिळतात. यादी मेच्या अखेरीस पुण्याला गेली पाहिजे. एकदा पाऊस लागला की पार्सल ताडपत्रीत गुंडाळून मागवावं लागतं, आणि ताडपत्रीचे पैसे कोणी वेगळे देत नाही.