हळदीचा कागद आणि कोषातलं आतडं

सुवर्णमहोत्सवी अंकात आठवणी पुष्कळ येतील. मी शाळेच्या प्रयोगशाळेसाठी एक प्रयोग लिहून देतो. अळी, कोष, पतंग अशी आकृती आपण सगळ्यांनीच वहीत काढली आहे. त्या दोन बाणांच्या आत काय चालतं, ते आताच्या मुलांनी स्वतः उघडून पाहावं, ही मनापासूनची इच्छा.

निपाणी भागात तंबाखूवर पानं खाणारी अळी मिळतेच. 5-6 मोठ्या अळ्या आणा. एक अळी 10 मिनिटं बर्फावर ठेवून सुन्न करा. मग मेणाच्या ताटलीत डोक्याला आणि शेपटीला टाचणी टोचा. लिटरभर पाण्यात 7.5 ग्रॅम मीठ घालून ते अळी बुडेल इतकं ओता. साध्या पाण्यात पेशी फुगतात. कात्रीचं टोक वर उचलून, पाठीच्या मधल्या रेषेच्या जरा बाजूने कातडी कापा. टोक खाली गेलं की आतडं फाटतं आणि त्यातला तीव्र अल्कधर्मी रस सगळं खराब करतो. या रसाला हळदीचा कागद टेकवा: हिरव्या डागाच्या कडेला लालसर छटा उमटते. हळदीत चुना पडला की होतं, तेच.

जाड नळी दिसते ते मध्यांत्र, म्हणजे आतड्याचा मधला भाग. ते संपतं तिथून मालपिघी नलिका (शरीरातला टाकाऊ भाग गाळणाऱ्या बारीक नळ्या) फुटतात, प्रत्येक बाजूला 3. मध्यांत्राच्या भिंतीत अन्न शोषणाऱ्या खांबासारख्या पेशी, पेल्यासारख्या पेशी आणि अगदी तळाशी बारीक मूळ पेशींचे (नव्या पेशी तयार करणाऱ्या पेशींचे) पुंजके असतात. अळी एरवी कात टाकते तेव्हा मूळ पेशी वाढून जुन्या पेशींच्या मधे शिरतात. आतडं मोठं होतं, जुनं टिकतं. कोष होण्याच्या वेळी मात्र बालसंप्रेरक (अळीला अळीच ठेवणारं संप्रेरक) उतरतं, एक्डायसोन (कात टाकायला लावणारं संप्रेरक) चढतं, आणि मूळ पेशी जुन्या थराखाली सलग नवा थर घालतात. अख्खा जुना थर सुटून पोकळीत पडतो आणि तिथंच पचून नव्या थरात शोषला जातो. म्हणून 'कोषात सगळं विरघळतं' हे वाक्य मला पटत नाही. आतड्यातली ही तयारी अळी खाणं थांबवते तेव्हाच सुरू झालेली असते.

हे पाहायला बाकीच्या अळ्या पाला घालून, ओलसर मातीच्या डब्यात ठेवा. कोवळा हिरवट कोष कापू नका, फुटतो. तपकिरी झाल्यावर एखाद्या दिवसाने उघडा. पांढऱ्या चरबीचा गढूळपणा ड्रॉपरने धुऊन काढला की पातळ नवी भिंत आणि आत जुन्या थराचा पिवळसर गोळा दिसतो. आत दुसऱ्याच माशीच्या अळ्या निघाल्या तर तो कोष परोपजीवीने खाल्लेला आहे, दुसरा घ्या.

रानात बीटी (अळ्या मारणाऱ्या जिवाणूपासून केलेलं औषध) फवारणारे पालकही हे वाचतील. बीटीचं प्रथिन याच अल्कधर्मी रसात विरघळून पेशींना भोकं पाडतं. मोठ्या अळीला मात्रा कमी पडली तर मूळ पेशी ती जागा भरून काढतात आणि अळी पुन्हा खायला लागते. अळ्या लहान असतानाच फवारा, तेही संध्याकाळी, कारण उन्हात ते प्रथिन टिकत नाही.