सभेला यायचंय? आधी पाठिंबा द्या

निवडणुकीचे दिवस आहेत, इथे अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीत, लोकांच्या अंगणात उमेदवारांच्या नावाच्या पाट्या उगवल्यात, म्हटलं आपणही एखादी सभा ऐकून यावी. उमेदवार कोण, पक्ष कुठला ते सांगत नाही, नाहीतर मूळ मुद्दा राहील बाजूला आणि तुम्ही त्याच्यावरच भांडत बसाल, ओळखते मी तुम्हाला.

तर सभेला जायला ऑनलाईन फॉर्म. नाव, पत्ता, झिपकोड, मोबाईल, ईमेल, सगळं भरलं आणि शेवटी एक चौकोन: "माझा या उमेदवाराला पाठिंबा आहे." टिक न करता बटण दाबून बघितलं तर चौकोन लालभडक. अरे बाबा, तुझं ऐकायलाच तर येतेय, ऐकल्यावर ठरवीन ना! हे म्हणजे कांदेपोहे व्हायच्या आधीच सुपारी फोडून मोकळे.

टिक केलं मी. दादा फोनवर म्हणाला, म्हणजे खोटं लिहिलंस. खोटं कसलं? माझ्याकडे ग्रीन कार्ड, म्हणजे उमेदवाराला देणगी देता येते पण मत देता येत नाही (ही पण एक गंमतच), मग ज्या बाईला मतच नाही तिच्या पाठिंब्याला असा काय भाव आहे? आणि पाठिंबा किती दिवस टिकला पाहिजे हे फॉर्ममध्ये कुठे लिहिलंय, मी सभा संपेपर्यंत दिला.

शेजारच्या आजींना सांगितलं तर त्यांना काहीच वाटलं नाही. म्हणाल्या, आमच्या रिओ रँचोत तर सही घ्यायचे. रिओ रँचो इथून जवळच, कॉम्प्युटरच्या चिप बनवणारा मोठा कारखाना आहे ते गाव. २००४ च्या जुलैमध्ये तिथल्या एका शाळेत उपाध्यक्ष डिक चेनी यांची सभा होती. तिकीट घ्यायला आलेल्यांपैकी जे त्यांच्या रिपब्लिकन पक्षाचे वाटले नाहीत त्यांच्यापुढे कागद सरकवला, की जॉर्ज बुश यांच्या फेरनिवडीला माझा पाठिंबा आहे. वर तुमचं नाव पाठिराखे म्हणून वापरायची परवानगीही त्याच सहीत. प्रचारवाल्यांचं म्हणणं, विरोधक गोंधळ घालणार होते म्हणून. सही नाही तर तिकीट नाही, बऱ्याच जणांनी पाठ फिरवली.

मी मग उगाच शोधत बसले आणि झोप उडाली. डेन्व्हरला २००५ मध्ये बुश यांचा कार्यक्रम होता, तोही प्रचाराचा नाही, अध्यक्ष म्हणून, सरकारी खर्चाने. तिथून तिघांना बाहेर काढलं, का तर ज्या गाडीतून ते आले तिच्यावर युद्धाविरोधी स्टिकर होतं. आत येऊन त्यांनी तोंडही उघडलं नव्हतं हो! त्यांच्यातले दोघे कोर्टात गेले, हरले, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये ऐकायलाच नकार दिला. २०१६ मध्ये व्हर्माँटला ट्रम्प यांच्या सभेच्या दारात विचारत होते, ट्रम्पना पाठिंबा आहे का, नसेल तर घरी जा. आणि दुसऱ्या बाजूचे फार सोवळे आहेत असं नका समजू, २०२४ मध्ये गाझावरून घोषणा देणारे तरुण आत शिरू नयेत म्हणून बायडन यांचे कार्यक्रमही छोटे आणि निमंत्रितांपुरते करत होते.

कायद्याचं म्हणाल तर प्रचाराची सभा म्हणजे उमेदवाराचं खासगी कार्य. १९९२ मध्ये ओहायोत क्लिंटनचा बिल्ला लावून बुशच्या, म्हणजे थोरल्या बुशच्या सभेला गेलेल्या एका विद्यार्थिनीला बिल्ल्यासह आत सोडलं नव्हतं, कोर्ट म्हणालं आयोजकांचा मेसेज काय असावा ते आयोजक ठरवणार. पटतं पण. तरी आवडत नाही.

कारण आपण वाढलो ते पुण्यात. बाबा वाजपेयींना ऐकायला जायचे आणि शरद पवारांनाही, मत कुणाला दिलं ते आईलासुद्धा सांगायचे नाहीत. शनिवारवाड्यासमोर सभा असली की हौशे, नवशे, गवशे सगळे, कुणी मंडईतून पिशवी घेऊन येतोय, कुणी मागे स्कूटरवर बसल्याबसल्या भाषणाची चिरफाड करतोय. तुम्ही कोणाचे असं विचारायची कोणाची हिंमत होती!

हे दादाला ऐकवलं तर तो म्हणे, तू कुठल्या जमान्यात आहेस, आता पुढच्या खुर्च्या पासवाल्यांना आणि मागे टेम्पोतून आणलेली माणसं. आणि काळे कपडे? २०१९ मध्ये झारखंडमध्ये पंतप्रधानांच्या सभेला काळे मोजेसुद्धा चालणार नाहीत असा पोलिसांचा फतवा निघाला होता, विसरलीस का. नाही विसरले. पण टेम्पोतल्या माणसाकडून कोणी पाठिंब्याची सही घेत नाही, तो बिर्याणी खाऊन घरी जातो आणि मत हवं त्याला देतो, त्याचं मन कोणी मागितलेलं नसतं. दादाला हे पटलं नाही. नसू दे.

सभा झाली बरं का, छान झाली. स्टेजच्या मागे बसवायला माणसं निवडून घेतली होती, थोडी म्हातारी, थोडी तरुण, एक नर्सच्या कपड्यात, टीव्हीवर दिसतील अशी. मलाही बोलावत होते, सावळा रंग उपयोगी पडला असता बहुतेक, मी नको म्हटलं. इथे पाण्याची एवढी ओरड, रिओ ग्रांदे नदी उन्हाळ्यात शहरात अक्षरशः कोरडी पडलेली मी बघितलीय, म्हटलं त्यावर विचारू, तर प्रश्नोत्तरं नव्हतीच. सगळेच आपले, विचारणार कोण.

आता त्या फॉर्ममधल्या मोबाईल नंबरवर दिवसाला ढीगभर मेसेज येतात, आज रात्री बारापर्यंत पाच डॉलर द्या नाहीतर देश बुडाला. एका नंबरला 'स्टॉप' लिहून पाठवलं की दुसऱ्यावरून सुरू. दादाला स्क्रीनशॉट पाठवला, त्याने बिर्याणीचा फोटो पाठवला.