अर्ध्या किलोचा सूर

आर्वी तालुक्यातलं आमचं कनिष्ठ महाविद्यालय. प्रॅक्टिकल परीक्षा आठवड्यावर आलेली. दुपारी लाइन गेली होती आणि बारावीची पोरं घाम पुसत सोनोमीटरच्या, म्हणजे टांगलेल्या वजनांनी तार ताणून तिचा सूर तपासायच्या पेटीच्या, तारेवरून कागदाचा घोडा (तारेवर ठेवलेला दुमडलेला चिटोरा) उडवत होती.

व्हरांड्यात शिपाईकाका संध्याकाळच्या भजनासाठी एकतारी लावत बसलेले. गुरुकुंज मोझरी नदीपलीकडेच, त्यामुळे एकतारी-खंजेरीचं आमच्याकडे कुणाला नवल नाही. काकांनी तार छेडली आणि ती वाजत असतानाच खुंटी पिळली. सूर सरसर चढला, म्हणजे तारेची वारंवारता, सेकंदाला होणारी कंपनं, वाढली.

"सर, तुमी तं म्हन्ता का माध्यम बदललं तरी वारंवारता बदलत नाही," पहिल्या टेबलावरची पोरगी म्हणाली. "मंग हे काहून बदलली?"

"अगं, ताण वाढला ना," म्हणून मी मोकळा झालो.

"हाओ, पन लाट तं आधीच तारंत होती ना सर!"

आता आली का पंचाईत! अठरा वर्षं तो नियम शिकवतोय.

सोनोमीटरची तार ताणणाऱ्या हँगरवर ४ किलो होते. तार छेडली आणि आवाज विरायच्या आत अर्ध्या किलोचं वजन अलगद चढवलं. वजन हिंदकळलं, सूर लटपटला आणि स्थिरावला तो अर्धा स्वर वर. षड्जाचा कोमल रिषभ झाला म्हणा. वारंवारता ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते: ४.५ भागिले ४, त्याचं वर्गमूळ १.०६, म्हणजे जवळपास अर्धा स्वरच. तारेखालचे दोन टेकू मात्र जागचे हलले नव्हते. म्हणजे तरंगलांबी, लाटेची लांबी, तीच आणि वारंवारता बदललेली! हवेतून पाण्यात शिरणाऱ्या आवाजाचं नेमकं उलट. तिथे माध्यम जागेनुसार बदलतं, इथे वेळेनुसार बदललं.

हाच बदल एका कंपनाच्या आत, झटक्यात झाला तर लाटेचा काही भाग चक्क मागे फिरतो. २०१६ मध्ये पॅरिसचे भौतिकशास्त्रज्ञ माथियास फिंक यांच्या गटाने पाण्याच्या टाकीला एकच उभा झटका देऊन हे दाखवलं: पसरत गेलेल्या तरंगांतून उलटे तरंग निघाले आणि सुरुवातीच्या जागी येऊन गोळा झाले. आवाज आतून जात असतानाच ज्यांचे गुणधर्म विजेनं बदलता येतात, अशा मेटामटेरियलवरही (मुद्दाम घडवलेल्या रचनेच्या कृत्रिम पदार्थांवर) काम चालू आहे. पोरांना हे सांगत होतो तेव्हा आमच्याकडे पंख्यापुरतीही वीज नव्हती, ते सोडा.

"सर, तार तुटंल, राहू द्या आता," दारातून काका म्हणाले.

पोरीचं जर्नल उघडलं. 'माध्यम बदलले तरी वारंवारता कायम राहते' या वाक्यापुढे माझीच लाल खूण होती. तिचाच पेन मागितला आणि पुढे लिहिलं, 'बदल वेळेनुसार होत नसेल तर.'