यादीत नसलेल्या गाड्या : आमची वाटचाल

आम्ही जुन्या गाड्यांचा विमा उतरवून देतो. त्याची सुरुवात घरातल्या अण्णांपासून झाली. अण्णांचं टेबल सांगलीत आरटीओच्या दारात लिंबाच्या झाडाखाली असायचं. एक पाय तोकडा, म्हणून खाली फरशीचा तुकडा. वर टाइपरायटर, शाईचा पॅड आणि विमा कंपनीच्या कव्हर नोटांचं (पॉलिसी येईपर्यंतच्या तात्पुरत्या कागदांचं) पुस्तक. १९८७ पासून त्यांनी तिथं गाडी नावावर करायचे फॉर्म भरले, लायसनं काढून दिली आणि ट्रॅक्टरवाल्यांना थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरणारा विमा, 'मारून' दिला. विमा म्हणजे पोलिसानं अडवलं तर दाखवायचा कागद, एवढीच तेव्हा त्याची किंमत. अण्णाही तो तसाच विकायचे, खोटं कशाला बोलू.

मी २००३ मध्ये बी.कॉम. करून एजंटची परीक्षा दिली आणि हरभट रोडला एका जिन्याखालची खोली भाड्यानं घेतली. पाटीवर माझं नाव नको, बाईच्या नावानं ट्रकवाले येत नाहीत, असं अण्णांचं मत. आले की! वर उधारीही ठेवून गेले.

पहिली तीन-चार वर्षं बरी गेली. मग २००७ च्या जानेवारीपासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले. तोवर सगळ्या कंपन्यांचा दर एकाच पुस्तकातून यायचा, आता प्रत्येकाचा भाव वेगळा. पाठोपाठ शोरूमवाले गाडीच्या किल्लीबरोबरच पॉलिसी हातात ठेवू लागले. नव्या गाड्यांचं काम आमच्या हातून गेलं ते गेलंच. उरल्या त्या कुणाला नको असलेल्या जुन्या गाड्या : जावा, येझदी, आजोबांच्या फियाट, लष्करी लिलावातल्या जीप. जुन्या गाड्यांचं काम आम्ही आवडीनं निवडलं असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे दुसरं काही उरलं नव्हतं.

ते काम मला येतं असं मी २०१९ च्या ऑगस्टपर्यंत समजत होते.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका व्यापाऱ्यांची डुक्कर फियाट माझ्याकडं होती. वडिलांची गाडी. शंभर फुटी रोडवरच्या मिस्त्रीकडून तीन लाखांवर खर्च करून त्यांनी ती नवरीसारखी सजवली होती. गावभागातल्या वाड्यात, २००५ च्या पुराची खूण जिथं होती त्याच्याही वरच्या चौथऱ्यावर ती उभी असायची. २००५ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांवर गेलं होतं, त्याच्या वर ते जाणारच नाही अशी सगळ्या गावभागाची खात्री. २०१९ ला ते ५७ फुटांवर गेलं. पाणी फियाटच्या काचांपर्यंत चढलं.

पाणी उतरल्यावर मिस्त्रीनं एक शहाणपणा केला : किल्ली फिरवू दिली नाही, आधी बॅटरी सोडवली. पाणी गेलेलं इंजिन चालू करून बघितलं आणि ते आतून मोडलं, तर ते नुकसान पुराचं धरत नाहीत, मालकाच्या हाताचं धरतात. कंपनीच्या वतीनं नुकसान तपासणारे सर्वेअर आले, फोटो काढले, दुरुस्तीचा अंदाज निघाला १ लाख ८० हजार. आणि पॉलिसीवर गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, होती ४० हजार.

ती ४० हजार मीच लिहिली होती. प्रीमियम कमी बसावा म्हणून. वर्षाला काहीशे रुपये वाचवून दिले, याचं मला कौतुकही होतं.

नियम असा : दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी 'टोटल लॉस'. इथं ७५ टक्के म्हणजे ३० हजार. दार-पत्रा-रंगातच ते संपले असते. कंपनीच्या हिशोबानं गाडी मेली. ४० हजारांतून सक्तीची वजावट १ हजार, भंगार म्हणून धरलेली किंमत १२ हजार, तीही कापली, कारण वडिलांची गाडी शेठ कंपनीला कुठली देणार? हातात आले २७ हजार. कागदावर कुणाचंच काही चुकलेलं नव्हतं. मी कंपनीला दोन शब्द बोलायला लागले तेव्हा शेठ शांतपणे म्हणाले, "ताई, कंपनीनं नाही ओ, चाळीस हजार तुम्ही लिहिलं."

तेव्हापासून कामाची पद्धत बदलली. आयडीव्हीचं कोष्टक पाच वर्षांपर्यंतच असतं : पहिल्या सहा महिन्यांना ५ टक्के घट, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. पाच वर्षांच्या पुढं किंवा बनायची बंद झालेल्या मॉडेलची किंमत कंपनी आणि मालक यांनी परस्पर संमतीनं ठरवायची असते. ही ओळ मी दहा वेळा वाचली असेल. 'परस्पर संमती' म्हणजे घासाघीस, आणि घासाघिशीला पुरावा लागतो, हे मात्र फियाट बुडाल्यावर कळलं. आता पॉलिसीआधी मी गाडीजवळ जाऊन बसते. चारी बाजूंनी फोटो, आतून फोटो, चासी नंबरचा पेन्सिलनं घेतलेला ठसा, सुट्या भागांच्या पावत्या, मूल्यांकनकाराचा दाखला. सगळ्यात अवघड पावत्या. आमचे मिस्त्री सोन्यासारखं काम करतात आणि हिशोब सिगारेटच्या पाकिटावर लिहितात. दोघांना मी पावतीपुस्तकं छापून दिली. एकानं त्यावर क्रिकेटचा स्कोअर लिहिला.

२०२१ च्या जुलैत परत पाणी चढायला लागलं, तेव्हा आमच्या भिंतीवर यादी होती : कुणाची गाडी कुठल्या गल्लीत, किती उंचीवर. पुलावर ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका. आम्ही ३५ लाच फोन सुरू केले. रात्री दीडला फोन केल्याबद्दल एका जावावाल्यानं शिव्या दिल्या, सकाळी भडंगाचा पुडा घेऊन आला. त्या पुरात आमच्या एकाही गिऱ्हाइकाचा क्लेम झाला नाही, आणि त्या वर्षी पहिल्यांदा मला झोप लागली.

'व्हिंटेज' हा शब्द लोक फार सैल वापरतात, त्यावर थोडं बोलते. सगळ्या कंपन्यांच्या त्या दरांच्या पुस्तकात, म्हणजे २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये, व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० च्या आधी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियानं तसा दाखला दिलेली मोटार. फक्त तिलाच ठरलेल्या किमतीची पॉलिसी मिळायची. म्हणजे आधी आकडा ठरवला, की गाडी पूर्ण गेल्यावर घसारा (जुनेपणापोटी कापायची रक्कम) नाही आणि बाजारभावाचा वादही नाही. दर मोकळे झाले तरी शर्तींची भाषा बरीचशी त्याच पुस्तकातून चालत राहिली. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये नोंदणीचा वेगळा नियम काढला, त्यात व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली दुचाकी किंवा चारचाकी. तिला 'व्हीए' अक्षरांचा नंबर, नवीन नोंदणीला २० हजार, पुनर्नोंदणीला ५ हजार, मुदत दहा वर्षं. २०२२ पासून व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला थर्ड पार्टी प्रीमियममध्ये निम्मी सवलतही आहे.

ऐकायला गोड. पण व्हीए नंबरची गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर. हे सांगितलं की निम्मे लोक माघार घेतात. तासगावचे एक काका म्हणाले, "बायकोला घेऊन नृसिंहवाडीला जायचं नाही, तर मग ती गाडी काय देव्हाऱ्यात ठेवू?" मीही त्यांना जुन्याच नंबरवर राहा म्हटलं. वापरायची गाडी असेल तर माझा सल्ला आजही तोच आहे.

आता ज्या गाडीमुळं लोक आम्हाला ओळखतात, तिच्याकडं वळते.

२०२२ च्या पावसाळ्यानंतर मिरजेतले एक डॉक्टर आले. मोबाइलवरचा फोटो पुढं केला. तीन चाकं, पुढं एक मागं दोन, फायबरची अंडाकृती बॉडी, मागं इंजिन. मला वाटलं जत्रेतल्या पाळण्यातलं काहीतरी असेल. ती होती 'बादल'. बंगळूरच्या सनराइज ऑटो इंडस्ट्रीजनं सत्तरच्या दशकात काढलेली खासगी मोटार, १९८ सीसी, टू-स्ट्रोक. पुढं याच लोकांनी सिपानी नावानं 'डॉल्फिन' काढली. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी आपली 'मीरा' ही छोटी मोटार बनवली होती, हे आमच्या भागात जुन्यांना ठाऊक असतं. बादल मात्र मी नावानंसुद्धा ऐकली नव्हती. डॉक्टरांनी ती एका गोठ्यातून, कडब्याच्या पेंड्यांखालून काढून उभी केली होती. आरसी बुक जुनं पण जिवंत, १९७८ ची नोंद. म्हणजे ५० वर्षं भरायला अजून अवकाश, आणि १९४० चा तर प्रश्नच नाही. व्हिंटेजचे दोन्ही दरवाजे बंद.

शाखेत गेले. संगणकात कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही. तिथल्या मुलानं विचारलं,

"ताई, ही रिक्षा आहे का?"

"रिक्षा नाही."

"चाकं किती?"

"तीन."

"मग?"

त्याचंही चूक नव्हतं. त्याच्या पडद्यावर तीन चाकं म्हटलं की प्रवासी किंवा माल, दोन्ही धंद्याच्या गाड्या. एकदा तसं पॉलिसीवर चढलं असतं, तर परमिट कुठंय हा प्रश्न क्लेमच्या दिवशी आला असता. मी घरी येऊन अण्णांच्या ट्रंकेतून २००२ चं टॅरिफचं पुस्तक काढलं. पानं पिवळी, कडेला त्यांच्या अक्षरातल्या खुणा. खासगी मोटारींच्या व्याख्येत पहिल्या ओळीनंतर दुसरी ओळ : फक्त खासगी वापरासाठीची मोटार लावलेली तीनचाकी, त्यात केबिन बॉडीची स्कूटरही. त्या ओळीखाली अण्णांनी कधीतरी लाल रेघ मारली होती. कशासाठी, ते विचारायला आता ते नाहीत.

त्या पानाची झेरॉक्स, आरसी, फोटो असा गठ्ठा शाखेतून वर गेला आणि पाच आठवड्यांनी परत आला. मधे दसरा. डॉक्टरांना बादल घेऊन गावातून फिरायचं होतं. मी नाही म्हटलं. विम्याशिवाय पहिल्यांदा सापडलं तर २ हजार दंड, तो ते हसत भरतील. पण कुणाला धक्का लागला तर भरपाई त्यांच्या घरावर येईल. शेवटी दारातच पूजा केली, बादलला झेंडूचा हार घातला, पेढे मात्र सगळ्या गल्लीला वाटले.

मंजुरी आली ती खासगी मोटार म्हणून. थर्ड पार्टीला १००० सीसीपर्यंतचा दर, २,०९४ रुपये आणि वर जीएसटी. किमतीवर मात्र दोन बैठका झाल्या. कंपनी म्हणे २५ हजार, डॉक्टर म्हणे ६ लाख. डॉक्टरांना मी तोंडावर सांगितलं की तुमचं प्रेम पॉलिसीत धरत नाहीत. मूल्यांकनाचा दाखला आणि पावत्या मांडल्यावर २ लाख ७५ हजारांवर गाडी थांबली. त्यांना आधीच लिहून दिलं की फायबरच्या भागांवर ३० टक्के घसारा कापतात, आणि तुमची गाडी म्हणजे सगळी फायबरच. रबर, टायर, बॅटरीवर ५० टक्के. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा जादा विमा, इतक्या जुन्या गाडीला मला कुणी दिला नाही. रॅलीत वेळेची चाचणी असेल तर आधी कळवा, त्याला वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं. डॉक्टर हसले. बादल उताराला ४० नं पळते.

त्यांच्या ओळखीनं सातारा-कऱ्हाडकडची माणसं येऊ लागली. एक जण राजदूत ३५० घेऊन आला, एक जण साइडकारवाली बुलेट. आता ऑफिसात मी, माझी भाची आणि एक मुलगा. भाचीला जुन्या गाड्यांचं वेड नाही, चासीचे ठसे मात्र माझ्यापेक्षा स्वच्छ घेते. जिन्याखालची खोली सोडून आम्ही विश्रामबागला आलो, पहिल्या मजल्यावर. पहिला मजला का, हे सांगलीकराला सांगावं लागत नाही.

दर वर्षी दिवाळीच्या आसपास बादलचं नूतनीकरण येतं. शाखेतला मुलगा दर वेळी नवीन असतो. भाचीनं फोटो, मंजुरीचं पत्र आणि त्या लाल रेघेच्या पानाची प्रत एकाच फाइलीत करून ठेवलीय. फोन वाजतो, ती उचलते, समोरचं ऐकून माझ्याकडं बघते आणि फोनमध्ये म्हणते, "नाही ओ, रिक्षा नाही."