आमची वाटचाल : ज्यांना घरी कुत्रा पाळता येत नाही त्यांच्यासाठी

भाडेकरारात पाळीव प्राण्यांना मनाई असते, वृद्धाश्रमात खाटेला खाट लागलेली असते, आणि मुक्या जिवाच्या सोबतीची ज्यांना खरी गरज, ती माणसे नेमकी अशाच ठिकाणी राहतात. त्यांच्याकडे प्रशिक्षित कुत्रे घेऊन जाण्याचा व्यवसाय मी आणि माझे भागीदार, पेशाने पशुवैद्यक असलेले डॉक्टर, यांनी २०१४ साली पुण्यात सुरू केला. अमेरिकेतील बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी आपल्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याच्या सोबतीने मुलांवर उपचार केल्याचे अनुभव १९६०च्या दशकातच मांडले होते. तरीही आमच्या कर्जाच्या अर्जावर बँकेतील साहेबांनी ‘म्हणजे सर्कसच ना?’ असे विचारले, ते मी विसरलेलो नाही.

गोदा ही आमची पहिली लॅब्राडोर. तिची पिशवी मी स्वतः भरत असे : सपाट पट्टा, छातीचा हार्नेस, धुतलेली चादर, लसीकरणाची पुस्तिका आणि हाताच्या पंजात अडकवता येईल असा रबरी ब्रश. पक्षाघाताने हात आखडलेले एक आजोबा व्यायामाचा चेंडू पुढे केला की तोंड फिरवत. तोच हात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ब्रशमध्ये अडकवून दिला, की गोदाच्या मानेपासून शेपटीपर्यंत न सांगता फिरे.

२०१८ मध्ये मात्र आमच्या निम्म्याहून कमी दरात एक प्रतिस्पर्धी बाजारात उतरला. कार्यालयांमध्ये दोन-तीन महिन्यांची पिल्ले सोडायची, छायाचित्रे काढू द्यायची आणि त्यालाच ‘थेरपी’ म्हणायचे, असा त्याचा खाक्या होता. पिल्लू गोड दिसते, पण त्याचे लसीकरण पुरे झालेले नसते आणि त्याचे दात शिवशिवत असतात, हे या धंद्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. व्हायचे तेच झाले. एका शाळेत मुलाला दात लागला, रेबीजप्रतिबंधक इंजेक्शने घ्यावी लागली, आणि त्या महिन्यात आमची कामे एकामागून एक रद्द झाली. त्या प्रतिस्पर्ध्याचे नाव कोणी लक्षात ठेवले नाही. ‘ते कुत्रेवाले’ म्हणून शिक्षा आम्हाला झाली. गाडी विकली, डॉक्टरांनी दवाखान्याच्या कमाईतून कुत्र्यांचे खाणे चालवले.

टिकलो ते एका विशेष शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंमुळे. त्यांनी पुस्तिकेतील एकेक नोंद तपासली, पालकांना वर्गात बसवून गोदाचे सत्र दाखवले आणि वर्षभराचे शुल्क आगाऊ दिले. पुढे महासाथीत शाळा बंद होत्या तेव्हाही ते परत मागितले नाही. त्यानंतरची वर्षे सुरळीत गेली.

कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो : अशी सेवा घेताना कुत्र्याच्या जातीपेक्षा त्याच्या हँडलरकडे, म्हणजे सत्रात त्याला सांभाळणाऱ्या माणसाकडे पाहा. कुत्रा वारंवार ओठ चाटू लागला, झोप नसताना जांभया देऊ लागला, मान वळवू लागला, तर त्याच्यावर ताण आलेला असू शकतो. अशा वेळी जो हँडलर समोर पाहुणे बसलेले असतानाही सत्र थांबवतो, त्यालाच पैसे द्या. ॲलर्जी, उघडी जखम किंवा खालावलेली प्रतिकारशक्ती असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

त्या प्रतिस्पर्ध्याने आता कुत्र्यांचा कॅफे काढला आहे आणि शनिवार-रविवारी तिथे रांगा लागतात. आम्हाला मात्र नव्या शाळेत आजही पहिला प्रश्न येतो : ‘तो चावण्याचा प्रकार झाला होता, ते तुम्हीच ना?’