ऑक्सिमीटरवर ९८, तरीही

त्या सकाळी बाबा आंघोळ करून आले आणि थेट पलंगावर बसले. "डोकं फार जड झालंय, मळमळतंय," म्हणाले. मी लगेच ऑक्सिमीटर त्यांच्या बोटाला लावला. ९८. आकडा बघून मी निर्धास्त झाले, आणि तिथेच चुकले. कार्बन मोनॉक्साइड हा गॅस अर्धवट जळाला की तयार होणारा विषारी वायू. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बोटाला लावायच्या साध्या यंत्राला या दोन्हींतला फरक कळतच नाही. आतून माणूस गुदमरत असतो आणि पडद्यावर ९८ दिसत राहतो.

आम्हाला वाचवलं डॉक्टरांच्या एका प्रश्नानं: "घरात आणखी कुणाचं डोकं दुखतंय?" आईचं दुखत होतं. माझंही, पण मी ते जागरणावर ढकललं होतं. "बाहेर पडलं की बरं वाटतं?" हो, वाटत होतं. ताप कुणालाच नव्हता. रक्त तपासलं, बाबांना मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन सुरू केला. साध्या हवेत रक्तातलं हे विष निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. मी घड्याळाकडे बघत बाबांच्या उशाशी बसून होते.

गॅस गिझरची धूर बाहेर नेणारी नळी काटक्यांनी बुजली होती. ज्योत कितीतरी दिवस निळी नव्हती, पिवळी दिसत होती. मी ती रोज बघत होते, आणि याचंच मला अजून वाईट वाटतं.

"काही असतं तर वास आला असता," असं आम्ही धरून चाललो होतो. पण सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम दिलेला असतो. अर्धवट जळण्यातून तयार होणाऱ्या या वायूला ना वास, ना रंग. गळती ओळखणारं यंत्रही इथे चालत नाही, ते सिलिंडरचा गॅस ओळखतं, हा वायू नाही. कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर वेगळा घ्यावा लागतो, आणि तो झोपायच्या खोलीजवळ हवा, म्हणजे गाढ झोपेतही जाग येईल. युरोपातल्या ईएन ५०२९१ या मानकाप्रमाणे हवेत हा वायू ५० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत ५० भाग) असेल तर तो तास ते दीड तासात वाजतो, ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत. वाजला की आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं. खिडकी उघडून आतच थांबायचं नाही, "बॅटरी संपली असेल" असंही म्हणायचं नाही.

त्यावरचं टेस्टचं बटण मी महिन्यातून एकदा दाबते. पण त्यातून भोंगा आणि बॅटरी ठीक आहे एवढंच कळतं. आतला सेन्सर हळूहळू निकामी होतो आणि काही वर्षांनी पूर्ण यंत्रच बदलावं लागतं. ते कधी, हे त्याच्यावर छापलेलं असतं. मी ते वर्ष मार्करनं मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहिलंय. दुसरं यंत्र काल ताईकडे पाठवलं. तिचा गिझर अजून बाथरूमच्या आतच आहे.