तीस मशीन, एक डिस्क, आणि एनएफएस नाही

लिनक्सवर एकच डिस्क आयएससीएसआयने (नेटवर्कवरून अख्खी डिस्क देण्याची पद्धत) तीस मशीनना दाखवणं फार अवघड नाही. सर्व्हरवर टार्गेटसीएलआय, क्लायंटवर ओपन-आयएससीएसआय, पोर्ट ३२६०, झालं. म्हणून पुण्यातल्या एखाद्या कॉलेजच्या लॅबसाठी, एनएफएस (नेटवर्कवरून फाइली शेअर करण्याची नेहमीची पद्धत) न वापरता, हा बेत सहज ठरतो. पण डिस्क शेअर झाली म्हणजे फाइली शेअर झाल्या असं नाही. डेटा जातो तो याच गैरसमजापायी.

एका एलयूएनवरचं (सर्व्हरने दिलेल्या डिस्कवरचं) ईएक्सटी४, म्हणजे लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम, दोन मशीनवर माउंट केलं, तर सुरुवातीला एकही एरर येत नाही. मात्र मोकळ्या ब्लॉकचा हिशेब प्रत्येक कर्नल आपापल्या मेमरीत ठेवतो. पहिल्याने घेतलेला ब्लॉक दुसऱ्याला मोकळाच दिसतो आणि तो बिनदिक्कत त्यावर लिहितो. दुसऱ्या मशीनवर रीड-ओन्ली माउंट करूनही सुटका नाही: जर्नल (बदलांची नोंदवही) अर्धवट असेल तर ईएक्सटी४ तेव्हाही ते रीप्ले करतं, म्हणजे डिस्कवर लिहितंच. निदान ट्यूनटूएफएसने एमएमपी (दुहेरी माउंट रोखणारी सोय) चालू करा, म्हणजे दुसरं रीड-राइट माउंट दारातच अडेल.

दोन-तीन सर्व्हरना खरोखर त्याच फाइलींत लिहायचं असेल, तर जीएफएस२ ही अनेक मशीननी एकत्र वापरायची फाइलसिस्टिम घ्या. तिला कोरोसिंक (मशीनचा आपसातला संपर्क), डीएलएम (सामायिक लॉक), दर मशीनमागे एक जर्नल आणि फेन्सिंग (बिघडलेलं मशीन सक्तीने तोडणं) लागतं. फेन्सिंग टाळू नका. लटकलेलं मशीन पुन्हा जागं होऊन जुन्या लॉकच्या भरवशावर लिहू शकतं, म्हणून त्याचा निकाल लागेपर्यंत बाकीची थांबतात. लॅबसाठी एवढा पसारा मांडू नये.

लॅबमध्ये ओएस प्रत्येकाच्या एसएसडीवर असू द्या. कामाच्या डिस्कसाठी एलव्हीएमच्या (लिनक्सची डिस्क वाटणी करणारी सोय) थिन पूलमध्ये, म्हणजे लागेल तशी जागा देणाऱ्या साठ्यात, ४० जीबीची एक मूळ प्रत करा आणि दर मशीनला तिचा वेगळा थिन स्नॅपशॉट द्या. कागदावर १२०० जीबी होतात, पण जागा जाते ती बदललेल्या ब्लॉकपुरतीच. एका एलयूएनला लिहिणारा एकच, त्यामुळे लॉकिंगचा प्रश्नच उरत नाही. सगळ्यांना लागणारे डेटासेट स्क्वॉशएफएस (फक्त वाचता येणारी, दाबलेली फाइलसिस्टिम) करून वेगळ्या, राइट-प्रोटेक्ट एलयूएनवर ठेवा. नवी आवृत्ती आली की नवा एलयूएन. चालू असलेल्याला हात लावायचा नाही.

मशीन क्लोन केली असतील तर इनिशिएटरनेम फाइल आधी उघडून बघा. सगळीकडे तोच आयक्यूएन (मशीनचं आयएससीएसआयमधलं नाव) सापडतो. डिस्क देणारा सर्व्हर, म्हणजे टार्गेट, आयक्यूएन बघूनच एलयूएन देतो, म्हणजे दोन मशीनना तोच स्नॅपशॉट मिळून वरचा घोळ मागच्या दाराने परत येतो. आयएससीएसआय-आयनेम चालवून प्रत्येकाला नवं नाव द्या.

सर्व्हर रीबूट झाल्यावर एलयूएन गायब दिसले, तर दोष बहुधा टार्गेटचा नसतो. थिन स्नॅपशॉटवर 'अ‍ॅक्टिव्हेशन स्किप'चा झेंडा (सुरू करताना वगळा, अशी खूण) आपोआप लागतो. एलव्हीएस कमांडच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये शेवटी 'के' दिसतो. एलव्हीचेंजला उणे केएन देऊन तो काढा. पूल भरला की लिहिणारे ६० सेकंद ताटकळतात, मग सगळ्यांनाच एरर. ऑटोएक्स्टेंडची (पूल आपोआप वाढवण्याची) मर्यादा मुळात १०० टक्के असते, म्हणजे बंद. ती ७० करा आणि व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी जागा राखा.

गिगाबिटवर सर्व्हरकडून सेकंदाला साधारण ११५ एमबी मिळतात. तीसजणांत वाटले तर चारसुद्धा येत नाहीत. सर्व्हर ते स्विच दुवा १० गिगाबिटचा हवा. तापकीर गल्लीत केबल घेताना शुद्ध तांब्याचीच मागा, मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम नको.

वळवाच्या पावसात वीज लपंडाव खेळते, तेव्हा सर्व्हरइतकीच यूपीएसची गरज स्विचलाही असते. लिंक तुटल्यावर क्लायंट १२० सेकंद वाट बघतो, मग एरर देतो आणि ईएक्सटी४ रीड-ओन्ली होऊन बसतं. ही वाट, म्हणजे रिप्लेसमेंट टाइमआउट, ६०० करा, आणि एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी) नेटडेव्ह (डिस्क नेटवर्कवरची आहे, ही खूण) लिहायला विसरू नका.